परका खडा: प्रिन्स गुस्ताव सामुद्रधुनीतला गाळ आणि फुटलेला बर्फ

गोकाकच्या धबधब्याखाली घटप्रभेच्या पात्रातले शंभर गोटे गोळा करून वेगळे केले, तर दोन ढीग लगेच होतात. एक कोनेरी, गुलाबी-पांढरट, वाळूचा कण न कण दिसणारा. हा तिथल्याच कड्याचा, कलादगी खोऱ्यातला वालुकाश्म. दुसरा काळा, जड, घासून गोल झालेला बेसाल्ट, पश्चिमेच्या पठारावरून नदीबरोबर आलेला. कड्याखाली काळा गोटा सापडतो याचा अर्थ, तो आला तेव्हा वरची वाट मोकळी होती. दगडाचं गाव ओळखायचं आणि त्यावरून वाट मोकळी होती की बंद हे ठरवायचं, या रीतीने अंटार्क्टिकातल्या एका सामुद्रधुनीत बर्फाचा हजारो वर्षांचा हिशेब लावला गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात भूविज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी ते प्रकरण इथे मांडलं आहे. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र चोर्ला घाट उतरून गेलं की वास्कोला आहे. तिथे काम करण्याची इच्छा असणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी हा युक्तिवाद पक्का करून घ्यावा, कारण चुका डोळ्यांच्या कमी आणि युक्तिवादाच्या जास्त होतात.

प्रश्न काय होता

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, ट्रिनिटी द्वीपकल्प आणि जेम्स रॉस बेट यांच्यामध्ये प्रिन्स गुस्ताव सामुद्रधुनी आहे. तिच्यावर आइस शेल्फ होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हिमनद्या समुद्रात उतरून एकमेकींना जोडल्या गेल्यावर तयार झालेला, पाण्यावर तरंगणारा जाड बर्फ. जानेवारी १९९५ मध्ये तो फुटून गेला. त्याच महिन्यात त्याच्या दक्षिणेचा लार्सन ए गेला. पुढे ३१ जानेवारी २००२ पासून साधारण ३५ दिवसांत लार्सन बी या शेल्फचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा, २२० मीटर जाडीचा भाग तुकडे होऊन वाहून गेला.

असं पूर्वी कधी झालं होतं का? उपग्रहांची चित्रं काही दशकांपलीकडे जात नाहीत. जहाजांच्या नोंदी फार तर दीड-दोनशे वर्षं मागे नेतात. त्यापुढचा पुरावा एकाच जागी राहतो, बर्फाखालच्या समुद्रतळावर. आणि बर्फ फुटल्यामुळेच त्या तळावर जहाज नेता आलं. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या कॅरल पडसी आणि जेफ्री इव्हान्स यांनी २००० साली ‘जेम्स क्लार्क रॉस’ जहाजावरून प्रिन्स गुस्तावचा तळ तपासला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: हा शेल्फ साधारण ५,००० ते २,००० वर्षांपूर्वीच्या काळात नव्हता. म्हणजे तो एकदा गेला होता, पुन्हा जमला होता आणि १९९५ मध्ये दुसऱ्यांदा गेला.

खड्यांचा पुरावा

शेल्फच्या बुडाशी हिमनदीने ओरबाडून आणलेले खडे गोठलेले असतात. बर्फ जमिनीवरून उचलून तरंगायला लागतो त्या रेषेच्या आसपास बुडाकडून वितळ सर्वांत जोरात होते, त्यामुळे बहुतेक खडे तिथेच गळून पडतात. पुढे किलोमीटरच्या किलोमीटर बर्फाचं बूड जवळजवळ स्वच्छ असतं आणि खाली फक्त बारीक चिखल साचतो. जे थोडे खडे पडतात, ते ज्या हिमनदीचा बर्फ त्या जागेवर आहे तिच्याच खोऱ्यातले. हिमनद्यांचे पट्टे शेल्फमध्ये एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी-शेजारी सरकतात.

शेल्फ नसेल तर चित्र बदलतं. उन्हाळ्यात पाणी मोकळं होतं, लांबच्या किनाऱ्यांवरून सुटलेले हिमनग वाऱ्या-प्रवाहाबरोबर भटकत येतात, वितळतात, उलटतात, आणि परक्या गावचे खडे टाकून जातात.

प्रिन्स गुस्ताव इथे नशिबाने फार सोयीची जागा आहे. पश्चिमेला ट्रिनिटी द्वीपकल्पावर जुने, किंचित रूपांतरित झालेले वालुकाश्म आणि शेल (चिखलापासून बनलेला थरदार खडक). पूर्वेला जेम्स रॉस बेटावर तरुण बेसाल्ट, ज्वालामुखी पाण्यात फुटल्याने झालेले काचमिश्रित पिवळट खडक आणि त्याखाली क्रिटेशस काळातले मऊ वालुकाश्म. दोन्ही काठांचे दगड डोळ्याने वेगळे ओळखता येतात. तळाच्या गाळात दोन्ही काठांवर न सापडणारे खडे आले, तर ते बाहेरून आले असंच म्हणावं लागतं. कोअरच्या, म्हणजे तळात नळी रोवून उचललेल्या गाळाच्या उभ्या स्तंभाच्या, मधल्या भागात खड्यांचा हा सरमिसळ संच मिळाला आणि वरच्या भागात पुन्हा स्थानिक खडेच उरले. दोन्ही काठांना एकच खडक असता, तर हा पुरावा उभाच राहिला नसता. म्हणून एखादी खाडी निवडताना आधी किनाऱ्याचा भूवैज्ञानिक नकाशा बघायचा, कोअरिंगचा विचार त्यानंतर.

काम असं चालतं. कोअर उभा चिरून अर्धा भाग जपून ठेवतात. दुसऱ्या अर्ध्याची साधारण १ सेंटिमीटर जाडीची पट्टी काढून तिचा क्ष-किरण फोटो घेतात. दर सेंटिमीटर खोलीमागे २ मिलिमीटरहून मोठे खडे त्यावर मोजतात. मग तो भाग चाळणीवर धुऊन खडे काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली जात ठरवतात, शंका असेल त्याचा पातळ छेद करतात. वजन करू नये, नग मोजावेत, कारण एकच मोठा दगड पडला की वजनाचा सगळा आलेख त्याच्यामागे जातो. दहाएक सेंटिमीटर व्यासाच्या कोअरमध्ये खडे मुळात कमीच येतात, म्हणून मोह होतो तो वाळूचे कण मोजण्याचा. तिथे सांभाळायला हवं. बेसाल्टचा अर्ध्या मिलिमीटरचा कण बेसाल्ट म्हणून ओळखू येतो. गारेचा (क्वार्ट्झचा) कण मात्र ग्रॅनाइटचाही असू शकतो आणि वालुकाश्माचाही.

आणखी तीन गोष्टी फसवतात. चढाला पडलेला गाळ घसरून खाली आला तर वाळूचा थर बसतो. त्याचा तळ धारदार असतो आणि कण खालून वर बारीक होत जातात. असा थर बर्फाविषयी काहीच सांगत नाही, तो मोजणीतून काढून टाकायचा. समुद्रबर्फ किनाऱ्यावरचे गोटे उचलून नेतो. ते लाटांनी गोल झालेले असतात, तर हिमनदीच्या खड्यांना सपाट घासलेल्या बाजू आणि ओरखडे असतात. आणि उथळ जागी मोठ्या हिमनगाचं बूड तळ नांगरून जातं, मग खालचं वर आणि वरचं खाली होतं. अशा ठिकाणी घेतलेला कोअर कितीही लांब असला तरी त्याला क्रम नसतो.

सूक्ष्मजीवाश्म काय भर घालतात

खड्यांनी बाहेरचे हिमनग आले एवढं सांगितलं. पाण्यावर ऊन पडत होतं का, हे डायटम सांगतात. डायटम ही सिलिकाच्या पेटीत राहणारी एकपेशीय शैवालं, बहुतेक १० ते १०० मायक्रॉन आकाराची. फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस या जाती भरपूर असतील, तर समुद्रबर्फाची कड जवळ होती असं मानतात. फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुएलेन्सिस ही जाड, ठळक रेघांची जात खुल्या दक्षिण महासागराची. कीटोसेरॉसच्या सुप्त बीजुकांचा ढीग म्हणजे वसंतात शैवालांची प्रचंड वाढ झाली होती. शेकडो मीटर बर्फाखाली अंधारात यांतलं काहीच वाढत नाही.

म्हणून ‘डायटम आहेत तर बर्फ नव्हता’ हे वाक्य फार लवकर तोंडी येतं आणि तिथेच घात होतो. आपल्या भारती स्थानकाच्या लार्सेमन टेकड्या ज्या प्रिड्झ उपसागराला लागून आहेत, त्याच्या डोक्यावर अॅमरी आइस शेल्फ आहे. त्याला भोक पाडून, कडेपासून सुमारे ८० किलोमीटर आत घेतलेल्या कोअरमध्ये डायटम सापडले. वरच्या थरांतही, म्हणजे डोक्यावर शेल्फ असतानाही. बाहेरचा प्रवाह ते आत घेऊन जातो. त्यामुळे ‘आहेत की नाहीत’ एवढ्यावर भागत नाही. किती आहेत, कुठल्या जातींचे, तुटके किती आणि अखंड किती, हे बघावं लागतं. प्रवाहाने लांबून आणलेल्या संचात हलक्या, लहान जाती जास्त आणि जड जाती तुटक्या असतात. त्यात जुन्या खडकातून धुपून आलेल्या, केव्हाच नामशेष झालेल्या जाती मिसळल्या असतील तर त्या वेगळ्या मोजायच्या, एकूण बेरजेत धरायच्या नाहीत.

फोरॅमिनिफेराची (थोडक्यात फोरॅमची) गोष्ट वेगळी. ही कवचधारी एकपेशीय प्राणी मंडळी, त्यांतल्या तळावर राहणाऱ्यांना ऊन लागत नाही, अन्न लागतं. ध्रुवीय गाळाच्या तबकात दोन चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा हे पाण्यात तरंगणाऱ्याचं कवच: शेवटच्या फेऱ्यात चार-साडेचार कप्पे, डावीकडे वळणारं, भिंत जाड आणि स्फटिकांनी खरबरीत झालेली. दुसरी मिलिअमिना अरेनेशिया: अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर लांबीची, बारीक वाळूचे कण चिकटवून बांधलेली, तपकिरी. पहिलीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येऊन ती विरते. दुसरीला काही होत नाही, तिच्यात चुना नाहीच.

नमुन्यात फक्त मिलिअमिना आणि तिच्यासारखी वाळूची घरं उरली असतील, तर दोन अर्थ संभवतात. चुन्याच्या कवचांचे जीव तिथे नव्हते, किंवा होते पण थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्याने त्यांची कवचं खाल्ली. अंटार्क्टिकाच्या उथळ समुद्रात दुसरा अर्थ फार वेळा खरा असतो. कवच नाही म्हणजे जीव नव्हता, असं लिहिणाऱ्याने आधी उरलेल्या कवचांचे काठ बघावेत. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा झाला आहे का, शेवटचा पातळ कप्पा गळला आहे का? तसं असेल तर तो विरघळण्याचा थर आहे, आणि त्यावरून तिथे काय जगत होतं हे ठरवता येत नाही.

वय काढताना

कुठलाही थर कितीही स्पष्ट असला तरी त्याला वय नसेल तर तो निरुपयोगी. अंटार्क्टिकात अडचण सर्वांत जास्त इथे येते. तिथे वर येणारं खोल समुद्राचं पाणी मुळातच जुनं असतं, म्हणून आज मेलेल्या शिंपल्याचंही रेडिओकार्बन वय सुमारे १,३०० वर्षं निघतं. कवचाचं वय ३,२०० आलं तर त्यातून १,३०० वजा करून १,९०० धरायचं आणि मग नेहमीची कॅलिब्रेशनची, म्हणजे रेडिओकार्बन वय कॅलेंडर वर्षांत बदलण्याची, पायरी. हे निदान सरळ आहे. पण कवचं पुरेशी नसतात. ५ मिलिग्रॅम चुना जमवायला काही शे ते हजारभर फोरॅम वेचावे लागतात.

कवचं नसली की चिखलातल्या सेंद्रिय द्रव्याचं वय काढतात. त्यात हिमनदीने खरवडून आणलेला प्राचीन कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे तळाच्या अगदी वरच्या पापुद्र्याचं वयसुद्धा काही हजार वर्षं येतं. प्रचलित उपाय असा की हे वरचं वय खालच्या सगळ्या वयांतून वजा करायचं. पण या प्रकरणात तोच उपाय लंगडा पडतो. शेल्फ डोक्यावर आला की शैवालांचा ताजा कार्बन कमी होतो आणि जुन्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे ज्या घटनेचं वय हवं आहे, तीच घटना दुरुस्तीचा आकडा बदलते. लार्सन एच्या गाळासाठी स्टेफनी ब्रॅचफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये म्हणूनच वेगळी वाट धरली. गाळात गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचा चढउतार, वय माहीत असलेल्या आलेखाशी जुळवला.

कोअरचा माथाही हरवतो. ग्रॅव्हिटी कोअरर, म्हणजे स्वतःच्या वजनाने तळात रुतणारी नळी, वेगाने उतरताना पुढचं पाणी ढकलतो आणि वरचा पातळ चिखल उडवून लावतो. त्यासाठी त्याच जागी बॉक्स कोअरर किंवा मल्टिकोअररने वरचा गाळ जसाच्या तसा उचलतात आणि दोन्हींची चुंबकीय ग्रहणक्षमता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो याचं माप) जुळवून किती गेलं ते ठरवतात. शिसे-२१० वापरून वरच्या भागाला वय देता येतं, पण त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून शे-सव्वाशे वर्षांपलीकडे ते चालत नाही.

प्रिन्स गुस्तावच्या निष्कर्षाला पुढे बाहेरून आधार मिळाला. जेम्स रॉस बेटावर २००८ मध्ये ३६४ मीटर लांबीचा बर्फाचा कोअर काढला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वाचनात हजारो वर्षं तापमान आजच्या आसपास स्थिर होतं आणि सुमारे २,५०० वर्षांपूर्वीपासून थंडी वाढत गेली. गाळ म्हणत होता की शेल्फ २,००० वर्षांपूर्वीच्या सुमाराला परत जमला. दोन्ही पुरावे एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून ही जुळणी मोलाची.

लार्सन बीने दिलेलं उलट उत्तर

हॅमिल्टन कॉलेजचे यूजीन डोमॅक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लार्सन परिसरातल्या सहा कोअरवरून डायटम, खडे आणि भूरसायन असं तिन्ही तपासलं. निष्कर्ष: लार्सन बी संपूर्ण होलोसीनमध्ये, म्हणजे दहा हजारांहून जास्त वर्षं, जागेवर होता आणि २००२ चं फुटणं या काळात प्रथमच घडलं. शिवाय तरंगत्या फोरॅमच्या कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्यांनी म्हटलं की शेल्फ हजारो वर्षं हळूहळू पातळ होत आला होता.

एकाच किनाऱ्यावर उत्तरेचा शेल्फ आधी गेलेला आणि दक्षिणेचा न गेलेला, यात विसंगती नाही. उत्तरेचा उबेच्या जास्त जवळ होता. विसंगती तेव्हा होते, जेव्हा कोणी एकट्या प्रिन्स गुस्तावचा दाखला देऊन ‘हे तर नेहमीचंच’ म्हणतो, किंवा एकट्या लार्सन बीचा दाखला देऊन ‘असं कधीच झालं नव्हतं’ म्हणतो. दोन्ही वाक्यं वर्गात ऐकू येतात. प्रत्येक शेल्फचा निकाल त्याच्या खालच्या गाळातूनच काढावा लागतो.

बेळगावच्या बाकावर सराव

ध्रुवीय गाळ हाताशी नसला तरी दोन्ही कौशल्यं इथे शिकता येतात. गोट्यांसाठी एक चौरस मीटर आखून ४ ते ६ सेंटिमीटरचे १०० नग घ्या, हाताला चांगला लागेल तो उचलू नका, जाळीच्या छेदबिंदूवर येईल तोच घ्या. बेसाल्ट, वालुकाश्म, जांभा आणि इतर असे चार गट पुरेत. पुलाजवळ मोजू नका, क्रशरची बेसाल्ट खडी सगळा हिशेब बिघडवते. तिच्या कडा ताज्या आणि धारदार असतात. हिडकलच्या धरणाने वरची रेव अडवली आहे, हेही ध्यानात ठेवा. गोकाकजवळ मिळणारी मार्कंडेय स्वतःचे गोटे आणते, म्हणून संगमाच्या वर आणि खाली दोन वेगळ्या मोजण्या घ्या. शंभरात दहा नग एका जातीचे निघाले, तर खरं प्रमाण ४ ते १६ टक्क्यांत कुठेही असू शकतं. ३०० मोजले तर तेच साधारण साडेसहा ते साडेतेरावर येतं. फोरॅमही ३०० मोजण्याची पद्धत याच कारणाने पडली.

फोरॅमच्या सरावाला कारवारकडच्या खाडीचा चिखल चालतो, त्यात अमोनिया वंशाची कवचं हमखास मिळतात. १० ते २० ग्रॅम चिखल ५० अंशांच्या आत वाळवून वजन करा, पाण्यात रात्रभर नाही तर काही तासच भिजवा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा. बोटाने चोळू नका. धुण्याचं पाणी आधी तपासा. खानापूरकडच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि बऱ्याचदा आम्लाकडे झुकणारं असतं, डिस्टिल्ड पाणीही हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तसंच होतं. सामू ८ च्या आसपास येईपर्यंत चिमूट-चिमूट खायचा सोडा घाला. नाहीतर पातळ कवचं बाकावरच विरघळतात आणि अहवालात ‘समुद्रतळावर विरघळलेला थर’ अशी नोंद होते. दुसरी चोरवाट साठवणीची. ओल्या चिखलातलं पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) हवेने सडतं, गंधकाम्ल तयार होतं आणि महिन्याभरात कवचांच्या जागी जिप्समच्या सुया दिसू लागतात. चाळल्यावर अशा सुया दिसल्या, तर त्या पिशवीतल्या चुनेरी कवचांची मोजणी टाकून द्यायची.

डायटमसाठी अर्धा ग्रॅम गाळ पुरतो. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, मग निवळून निवळून धुणं. दर सेंटिमीटर पाण्याला एक तास थांबायचं, घाई केली तर वरचं पाणी ओतताना लहान जाती गटारात जातात. आणि समुद्रबर्फाची खूण असलेली सिलिंड्रस नेमकी लहानांतली.

निकाल किती बारीक वाचायचा

लार्सन बीच्या उपसागरात २०११ मध्ये किनाऱ्याला जखडलेला समुद्रबर्फ जमला आणि जानेवारी २०२२ मध्ये फुटून गेला. गाळ वर्षाला अर्धा मिलिमीटर साचतो असं धरलं, तर ही अकरा वर्षं साडेपाच मिलिमीटरांत बसतात, आणि तळावरचे किडे वरचे काही सेंटिमीटर ढवळत असतात. जुन्या थरात अशी उघडझाप कोणाला दिसणार नाही. त्यामुळे प्रिन्स गुस्तावच्या ‘५,००० ते २,०००’ या आकड्याचा अर्थ तीन हजार वर्षं सलग मोकळं पाणी असा घेता येत नाही. परके हिमनग वारंवार आत येऊ शकतील इतके उन्हाळे त्या काळात मोकळे होते, एवढंच त्या खड्यांवरून म्हणता येतं.